कोरी जागा

एकतीस वर्षं मी जकार्डची कार्डं पाडली.
पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोक, भोक, कोरी जागा, भोक.
भोक असेल तिथं धागा उठायचा,
नसेल तिथं गप पडून राहायचा.
मागानं कधी उलटून विचारलं नाही.
चादरीवर मोर उतरायचा, पिसं मोजून,
आणि मागाला ठाऊकही नसायचं
मोर म्हणजे काय.

हे कुणाला बोललो नाही,
पण रविवारी शेवटल्या बाकावर
मला मीच तसा वाटायचो.
उठा म्हटलं, उठलो. बसा म्हटलं, बसलो.
दशांशाचं पाकीट एक तारखेला.
दारू नाही, तंबाखू नाही.
घंटेची दोरी माझ्याकडं,
मे महिन्याच्या चव्वेचाळीस अंशांतही
एक मिनिट इकडंतिकडं नाही.
लोक म्हणायचे, शांतवन म्हणजे आज्ञाधारक माणूस.
मी मान खाली घालायचो.
नम्रपणानं नव्हे.
कुणी डोळ्यांतून आत बघेल म्हणून.

आत रत्नाकर होता.
धाकटा भाऊ, साखर पेठेतला.
बाबा गेले त्या वर्षी
दोन मागांतला चालता त्यानं घेतला,
माझ्या वाट्याला सुटे भाग.
अकरा वर्षं झाली.
प्रभुभोजनाच्या रांगेत तो पुढं दिसला
की मी गीतांचं पुस्तक चाळत बसायचो,
तो परत जागेवर जाईपर्यंत.
पेला मात्र घ्यायचो.

उपवासकाळाच्या आधी पाळकसाहेब घरी आले.
चहा अर्धा ठेवून म्हणाले,
"शांतवन, एकदा भावाकडं जाऊन या."
वचन नाही, प्रार्थना नाही. एवढंच.
मी म्हटलं, बरं.
मला सांगितलं की मी करतो.

शनिवारी गेलो. इस्त्रीचा सदरा.
वाटेत वाक्य पाठ केलं,
शब्बाथ शाळेतल्या पोरासारखं:
माझं काही चुकलं असेल तर क्षमा कर.
"असेल तर".
ती कोरी जागा मी जाणूनबुजून सोडली होती.

सगळी गल्ली खडखडत होती.
रत्नाकर मागाशी उभा, बनियन घामानं चिकटलेलं,
केस माझ्यापेक्षा पांढरे.
मी वाक्य म्हटलं.
"काय?"
पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.
क्षमा अशी ओरडून मागायची पाळी.
"काय?"
आणि लाइट गेली.

गल्लीतले सगळे माग एकदम थांबले.
असली शांतता सोलापूरच्या कानांना सोसत नाही.
आता हळू म्हटलं तरी चाललं असतं,
पण वाक्यच आठवेना.
"कुणी पाठवलं तुला?"
"पाळकांनी."
"वाटलंच."

तो पाणी आणायला आत गेला.
मी बाबांच्या मागापाशी.
डाव्या अंगाला एक ताणा तुटून लोंबत होता.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
कुठल्याच कार्डात नव्हतं.
बोटाला थुंकी लावली, टोकं जुळवली,
बाबांची ती गाठ मारली,
फणीतून अलगद जाणारी, कापडात न सापडणारी.

वळलो तर तो तांब्या घेऊन दारात.
केव्हाचा उभा होता, कोण जाणे.
"येते की अजून तुला," म्हणाला.
"माझंच चुकलं," मी म्हटलं,
आणि मलाच नवल वाटलं,
"असेल तर" कुठं गेलं?
तो काही बोलला नाही.
तांब्या पुढं केला.

रडणं नाही, मिठी नाही.
सुट्या भागांचा हिशेब छातीत आहे अजून,
गंजलेला, मधूनच टोचतो.
हे मी पाळकांना सांगितलं नाही.
वर ज्याला सांगायचं, त्याला सांगितलं.
तिथं कार्ड चालत नाही.

दुसऱ्या दिवशी घंटा एक मिनिट उशिरा झाली.
दोरी हातातच होती.
खाली फाटकापाशी रत्नाकर
सायकलला कुलूप लावत होता,
आणि कुलूप काही केल्या लागत नव्हतं.